ब्रेकबाईंची पायी परीक्षा

अर्ध्या शहराला मी गाडी चालवायला शिकवली, आणि परवा माझी लेक मला विचारते, "आई, तुला एकटीला रस्ता ओलांडता येईल ना?" अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! मी म्हटलं, "नाही गं बाई. आजवर मला सगळ्यांनी कडेवर घेऊनच फिरवलंय." यावर ती हसेल असं वाटलं होतं, पण ती हसली नाही. तिनं नुसतं "आई" म्हटलं, लांबवून, आणि मला कळलं की ही आता ऐकायची नाही.

तर आधी माझी ओळख करून देते. मला लोक ब्रेकबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मला माहीत आहे. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि तो मी गरजेच्या जरा आधीच दाबते असा माझ्यावर आरोप आहे. आरोप खरा आहे. म्हणूनच माझ्या शेजारी बसून एकाही पठ्ठ्यानं कधी कुणाला धक्का मारला नाही. माझ्या माघारी कुणी काय दिवे लावले त्याला मी जबाबदार नाही. नवरा गेल्यावर त्याचं ड्रायव्हिंग स्कूल मी हातात घेतलं तेव्हा लोक म्हणाले, बाईमाणूस, किती दिवस चालवणार? चांगलं म्हातारी होईपर्यंत चालवलं. ऑफिसच्या मागच्या दोन खोल्यांत राहिले आणि तिथंच लेकीला वाढवलं.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. समोरचं मला अजूनही लख्ख दिसतं, पण दोन्हीकडच्या कडा हळूहळू गेल्यात आणि मला त्याचा पत्ताही लागला नाही. औषधानं आहे ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही. "गाडी आता बंद," ते म्हणाले. त्यांनाही मीच शिकवलं होतं, त्यामुळे बिचारे माझ्याकडे न बघता बोलत होते. घरी येऊन मी एक अख्खी दुपार रडले. खोटं कशाला सांगू, ढसाढसा रडले. मग तोंड धुतलं आणि स्कूल विकायला काढलं. स्कूल गेलं तशा मागच्या खोल्याही गेल्या. नवा मालक तिथं टायर ठेवणार आहे.

आता राहायचं कुठं? लेकीचं उत्तर तयार होतं. माझी लेक ठकी. चाळिशी ओलांडली तिनं, विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, हाताखाली माणसं आहेत, पण मला ती ठकीच. तिचं घर शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत. जावई बोटीवर असतो, वर्षातले बरेच महिने पाण्यावरच. नातू शिकायला परगावी. घर सुंदर आहे, मी नावं ठेवणार नाही. मागे बाग आहे, खिडकीतून टेकडी दिसते. पण त्या घरातून पायी निघालं तर पायी पोचता येईल असं ठिकाण एकच, शेजाऱ्यांचं बंद फाटक. दूध आणायला गाडी, केस कापायला गाडी. मला नेऊन सोडायला कोणीतरी हवं आणि आणायला कोणीतरी हवं, म्हणजे मी पार्सलच झाले. ते मला मंजूर नव्हतं. मला माझ्या पायांनी जाता येईल अशा जागी, माझं मी राहायचं होतं. बाकी मला काहीही नको होतं.

म्हणून मी गुपचूप शहराच्या जुन्या भागात घर शोधायला लागले. तिथं रस्ते अरुंद, फुटपाथ रुंद, आणि माणसं गाड्यांपेक्षा जास्त. शिकवताना मी त्या भागाला शिव्या घालायचे. नवशिक्यांच्या नाकी नऊ यायचे तिथं. आता तोच भाग मला गोड वाटायला लागला. आणि तिथंच मला ते घर सापडलं.

दातांचे एक डॉक्टर आहेत. खाली त्यांचा दवाखाना, दारावर भला मोठा प्लास्टरचा दात टांगलेला. वर दुसऱ्या मजल्यावर एका बेडरूमचं घर भाड्यानं द्यायचं होतं. बाहेरची खोली उजेडाची. बेडरूमला गल्लीवर उघडणारी खिडकी. स्वयंपाकघर एवढंसं, की एकजण आत असेल तर दुसऱ्यानं दारातूनच सल्ले द्यावेत. माझ्यासारखीला तेच बरं. खाली चांभाराचं दुकान, पलीकडे कपड्यांना इस्त्री करणारी, कोपऱ्यावर बाकं आणि बाकांवर दिवसभर वाद घालणारी म्हातारी मंडळी. मी खिडकीत उभी राहिले आणि मला एकदम भूक लागली. घर आवडलं की मला भूक लागते.

डॉक्टरांना मी पसंत होते. ते मास्क खाली करून म्हणाले, "बाई, माझी हरकत नाही. पण जामीन लागेल. आधीचा भाडेकरू नळ उघडा टाकून परदेशी निघून गेला. पाणी खाली थेट पेशंटच्या खुर्चीवर. पेशंटचं तोंड उघडं होतं." जामीन म्हणजे नोकरीतलं, पगारदार माणूस, माझ्या मागे उभं राहणारं. आणखी एक तरुण जोडपं घर बघून गेलं होतं. शनिवारी संध्याकाळी ते पुन्हा येणार होते. त्याआधी जामिनाची सही आणली तर घर माझं, नाहीतर त्यांचं.

झालं! घोडं तिथंच अडलं. सही मागायला ठकीकडे जाणं आलं.

ठकीनं ऐकून घेतलं. विमा कंपनीत तिचं कामच असं, की काय काय वाईट होऊ शकेल याचा आधी विचार करून ठेवायचा. त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य 'समजा'नं सुरू होतं. समजा जिना चढताना पाय घसरला. समजा तू गॅस बंद करायला विसरलीस. समजा समोरून सायकल आली. मी म्हटलं, "समोरून आली तर दिसेल. मला समोरचंच दिसतं." तेव्हा तिनं तो रस्ता ओलांडण्याचा प्रश्न विचारला, आणि माझा तिळपापड झाला तो तेव्हाच.

शेवटी ती म्हणाली, "बरं. मला दाखव. तू रोज जिथं जिथं जाशील, तिथं सगळीकडे मला घेऊन चल. पायी. मी मधे काही बोलणार नाही, नुसती शेजारून चालीन. मला पटलं तर सही करीन."

हे तर माझंच वाक्य! परीक्षेच्या आधी मी प्रत्येक पोराला हेच सांगायचे, की परीक्षक शेजारी बसेल, काही बोलणार नाही, त्याच्या गप्प बसण्यानं घाबरू नकोस. मी म्हटलं, "ठरलं. शनिवारी ये."

आता परीक्षा म्हटली की तयारी आली. पुढचे काही दिवस मी रोज त्या दाताखालून निघायचे आणि मार्ग पक्का करायचे. भाजी, बँक, डोळ्यांचे डॉक्टर, औषधाचं दुकान, परत. कुठं सिग्नल आहे, कुठं फुटपाथ खचलाय, कुठल्या वळणावर दुधाची गाडी उभी असते, सगळं डोक्यात बसवलं. बाकी सगळं छान होतं, औषधाचं दुकान मात्र जरा लांब पडत होतं. पाय दुखायचे. डोळ्यांत रोज औषध घालायचं म्हणजे ते दुकान महत्त्वाचं, आणि ठकी नेमकं त्यावरच बोट ठेवणार हे मला माहीत होतं. पण मी म्हटलं, चालायलाच तर आलोय इथं. थोडं जास्त चालू.

शनिवारी ठकी आली ती वैतागलेलीच. गाडी लावायला जागा मिळेना म्हणून ती गल्लीबोळांत घिरट्या घालत होती. मी दाताखाली उभी राहून तिला तीनदा समोरून जाताना पाहिलं आणि तीनदा हात हलवला. तिनं एकदाही हात हलवला नाही.

"हा माझ्या बाजूचा पहिला गुण," मी म्हटलं.

"आई, चल. मी बोलणार नाहीये."

आम्ही निघालो. मी ताठ चालत होते. मला कडेचं दिसत नाही, मग मी काय करते, तर प्रत्येक कोपऱ्यावर थांबते आणि मान पूर्ण वळवते. आधी डावा खांदा, मग उजवा, मग पुन्हा डावा. हे मी पोरांना इतकी वर्षं ओरडून ओरडून शिकवलं, की आता ते माझ्याच कामी आलंय. ठकी माझी मान बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. परीक्षक म्हणून पोरगी पक्की तयार आहे, एवढं मात्र मनात म्हटलं.

भाजीवालीकडे मी भेंडी निवडून घेतली. बँकेच्या दारात पहारेकऱ्यानं मला नमस्कार केला, कारण त्याच्या भावाला मी रिव्हर्स शिकवला होता. इथवर सगळं झकास. मग बँकेच्या पुढच्या चौकात एक पाववाल्याची गाडी सिग्नल न देता वळली आणि माझा उजवा पाय धाडकन फुटपाथवर आपटला. ब्रेक! आता फुटपाथला कुठला आलाय ब्रेक? पण पायाला कोण सांगणार? बाकावरचे दोन म्हातारे दचकून माझ्याकडे बघायला लागले. ठकीनं ओठ चावले. हसू दाबत होती की काळजी, मला दिसलं नाही.

पुढे मात्र फजिती झाली. एका दुकानदारानं आपला लाकडी फलक फुटपाथच्या अगदी कडेला ठेवला होता, माझ्या डाव्या हाताला. माझा खांदा त्याला असा लागला की फलक पडलाच. जोरात लागलं. डोळ्यांत पाणी आलं ते मी लगेच गिळलं.

"लागलं?" ठकीच्या तोंडून निघालं.

"तू बोलणार नव्हतीस."

"आई, लागलं का?"

"फलकाला विचार," मी म्हटलं आणि दुकानदाराला बाहेर बोलावून चांगलं फैलावर घेतलं. फुटपाथ चालणाऱ्यांचा की तुमच्या फलकाचा? त्यानं मुकाट्यानं फलक आत घेतला. पण खांदा ठणकत होता, आणि ठकीची नजर त्या खांद्यावरून हलत नव्हती. पहिल्यांदाच मला वाटलं, ही सही करणार नाही.

डोळ्यांचे डॉक्टर झाले, तिथून पुन्हा दाताखालून पुढे निघालो. राहिलं औषधाचं दुकान. आम्ही चालतोय, चालतोय. आधी डावीकडे, मग मोठ्या रस्त्यानं सरळ, मग शाळेला वळसा, मग पुन्हा डावीकडे, मग मागच्या गल्लीनं. ठकीचे बूट ऑफिसचे होते, ती आता लंगडायला लागली होती. मी मनात म्हणत होते, अगं जरा दम धर, आलंच. शेवटी दुकान आलं. मी आत शिरून औषध मागितलं. ठकी दारातच थांबली होती. औषध घेऊन वळले तर ती पलीकडे कुठं तरी टक लावून बघत होती, आणि तिचा चेहरा पांढराफटक.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "तो दात."

"कुठला दात?"

तिनं बोट दाखवलं. त्या दुकानासमोरून एक आखूड गल्ली जाते, आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, ओरडून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, डॉक्टरांचा तो भला मोठा प्लास्टरचा दात डुलत होता.

"आपण तिथूनच निघालो ना?"

"हो, मग?"

"मग हे दुकान त्या घराच्या समोर आहे, आई! आपण डोळ्यांच्या डॉक्टरांकडून त्या दाताखालूनच आलो. तिथून या गल्लीनं सरळ का नाही आलो? एवढा वळसा कशाला?"

काय पण प्रश्न! "या गल्लीनं येता येत नाही," मी म्हटलं.

"का?"

"दातापाशी या गल्लीत वळायला बंदी आहे, आणि इकडून परत जायला नो एन्ट्री. वन-वे आहे तिकडून."

ठकी माझ्याकडे बघत राहिली. औषधवाल्या बाईही बघायला लागल्या.

"आई," ठकी म्हणाली, "आपण चालतोय."

बाई गं! मी तोंडावर हात ठेवला. खरंच की! इतके दिवस मी त्या सगळ्या शहरातून गाडीसारखी चालत होते. जिथं डावीकडे वळायला बंदी तिथं मी वळत नव्हते. जिथं एकेरी रस्ता तिथं उलट्या दिशेनं फुटपाथवरूनही पाऊल टाकत नव्हते. नो एन्ट्रीची ती गोल लाल पाटी दिसली की माझे पाय आपोआप पुढच्या रस्त्याला लागत होते, आणि एकदाही, एकदाही माझ्या मनात आलं नाही की ती पाटी माझ्यासाठी नाहीच मुळी. पाय दुखतील नाहीतर काय होईल!

मला हसू फुटलं. औषधवाल्या बाई तर काउंटरवर हात टेकून हसत होत्या. पण ठकी हसत नव्हती. तिनं माझा दंड धरला आणि मला बाजूला घेतलं.

"आई, खरं सांग. हल्ली तुला विसरायला होतं का? रस्ते, माणसं? रागावू नकोस. मला खरं सांग."

तेव्हा मात्र माझं डोकं सणकलं. "विसरायला? अगं, मला या शहरातली एकूण एक पाटी पाठ आहे, हीच तर माझी चूक झाली! विसरले असते तर सरळ आले असते."

मी म्हटलं, आता बघच. मी तिचा हात सोडवला आणि त्या लाल पाटीखालून, उलट्या दिशेनं, फुटपाथवरून चालायला लागले. छातीत धडधडत होतं हो! आता मागून शिट्टी वाजेल, आता पोलीस अडवेल. कोणीही अडवलं नाही. समोरून गाड्या आल्या, सगळ्या मला समोरून लख्ख दिसत होत्या, आणि त्यातल्या एकीनं तर वेग कमी करून हात केला. माझाच विद्यार्थी असणार. गल्ली संपली आणि मी दाताखाली उभी. मागून ठकी लंगडत आली.

"बघितलंस?" मी म्हटलं. "मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट चांगलं निघालं की घर! आता सगळंच जवळ येईल. बँक तर अगदी मागेच असणार बघ."

मला इतका आनंद झाला होता की खांदा दुखायचाही थांबला. डॉक्टर कुणाचा तरी दात काढत होते. त्यांच्या मदतनीस बाईंनी वरची चावी आणि करार दिला, आणि सांगितलं की ते जोडपं निघालंय, थोड्या वेळात येईल. आम्ही जिना चढलो. मी न थांबता चढले. ठकीनं मधे एकदा कठड्याला टेकून बूट काढला.

रिकामं घर. ठकीनं सगळं फिरून पाहिलं. नळ सोडून पाहिले, खिडकीची कडी हलवून पाहिली, न्हाणीघरात जाऊन फरशीवर पाय घासून पाहिला. मग ती बाहेरच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर करार ठेवून उभी राहिली. हातात पेन. आणि सुरू झालं.

"समजा फरशी ओली आहे."

"रबराची चटई टाकीन."

"समजा पुन्हा असा फलक आला."

"पुन्हा पाडीन. मग कोणी ठेवणार नाही."

"समजा डोळे आणखी गेले."

"तेव्हाचं तेव्हा बघू. मी स्वतः सांगीन तुला. आजवर तुझ्यापासून काही लपवलंय? घर शोधलं ते सोडून."

"समजा तू पडलीस, आई. समजा तू इथं पडलीस आणि तुला उठता येत नाहीये, आणि घरात कोणी नाही."

मी वैतागले होते. मी म्हटलं, "आणि समजा तू पडलीस. तुझ्या घरी कोण आहे?"

मी नुसतं तोंडाला तोंड दिलं होतं, हो. मनात काही नव्हतं. पण ठकीनं पेन खाली ठेवलं.

"कोणी नाही," ती म्हणाली.

आणि ती रडायला लागली. माझी ती विमा कंपनीतली मोठी साहेबीण, एका पायात बूट आणि एक हातात, रिकाम्या खोलीत उभी राहून लहानपणी रडायची तशी हुंदके देऊन रडत होती. मी जवळ गेले, तर ती भिंतीला टेकून खालीच बसली. मीही तिच्याशेजारी बसले.

"मी खोली रंगवूनसुद्धा घेतली, आई. पडदे लावले. सगळ्यांना सांगितलं, आईला आता एकटीला जमणार नाही, म्हणून आणतेय. जमतं तुला. मला दिसलं आज. त्या फलकाच्या वेळी मला वाईट वाटलं, पण खरं सांगू का, बरंही वाटलं. म्हटलं, आता ही येईल. इतकी वाईट आहे मी." तिनं बाहीनं नाक पुसलं. "ऑफिसमधून निघते, त्या गर्दीत गाडी चालवत घरी पोचते, दार उघडते आणि आत अंधार. फोनवर हे बोटीवरून बोलतात तेव्हा त्यांच्या मागे समुद्राचा आवाज. मला घरात कोणीतरी हवंय. मला तू हवी आहेस तिकडे."

काय सांगू, त्या क्षणी वाटलं, मरू दे ते घर. उठावं आणि हिच्याबरोबर जावं. आईनं आणखी काय करायचं असतं? शब्द ओठांवर आलेही होते. पण मी ते गिळले, कारण मला ते घर डोळ्यांसमोर दिसलं. ठकी सकाळी निघून गेलेली. मी खिडकीत. टेकडी. संध्याकाळी ती दमून येणार, आणि मी दिवसभर वाट बघून फुगलेली. मला डॉक्टरकडे ने, मला केस कापायला ने, आज उशीर का केलास?

"मी येणार नाही, ठके," मी म्हटलं. "तू रडलीस तरी नाही येणार."

तिनं चेहरा वर केला.

"तिकडे आले तर तुझी सोबत होणार नाही माझ्यानं. तुझं आणखी एक काम होऊन बसेन मी. वर्षभरात तू मला कंटाळशील आणि मी तुला, आणि दोघी भल्या म्हणून आपल्यातली एकही ते तोंडावर बोलणार नाही. ते मला नकोय. मला तू आवडतेस."

"मग मी काय करू?"

"तुझं ऑफिस कुठं आहे?"

"आई, तुला माहीत आहे कुठं आहे."

"नदीच्या या बाजूला. म्हणजे इथून पायी. ऑफिस सुटलं की त्या गर्दीत कशाला शिरतेस? गाडी राहू दे तिथंच. चालत ये. जेव, बडबड कर, भांड माझ्याशी. गर्दी ओसरली की जा, नाहीतर झोप इथं. रोज ये. कंटाळा आला तर येऊ नकोस."

खाली जिन्यात पावलं वाजली, तरुण माणसांची, भरभर चढणारी. डॉक्टरांच्या मदतनीस बाईंचा आवाज आला, जरा थांबा, वर बाई आहेत.

"आणि मी सही केली नाही तर?" ठकी म्हणाली.

"तर मी खाली जाऊन दुसरा जामीन आणीन. माझ्या हाताखालून अर्धं शहर गेलंय. बँकेतला पहारेकरीसुद्धा मिळवून देईल एखादा. पण मला सही तुझी हवी आहे. दुसऱ्या कुणाची नको."

ठकी उठली, कट्ट्यापाशी गेली, आणि विमा कंपनीतल्या सवयीनं प्रत्येक पान वाचून, प्रत्येक पानावर सही करत गेली. मधे एकदा थांबून म्हणाली, "नळाची दुरुस्ती त्यांच्याकडे आहे का बघ, लिहून घ्यायला हवं." मी म्हटलं, बघ तूच. तिनं कडेला लिहिलं आणि तिथंही सही केली. मग करार घेऊन तीच, एका पायातल्या बुटानिशी, खाली गेली. त्या जोडप्याला तिनं काय सांगितलं मला माहीत नाही, पण पावलं खाली उतरत गेली. ठकी वर आली तेव्हा तिच्या हातात दोन चाव्या होत्या.

"एक माझ्याकडे राहील," ती म्हणाली.

"राहू दे की. पण एक सांगते. मी बापाच्या घरी राहिले, सासरी राहिले, मग ऑफिसच्या मागे. तिथं कोण कधी आत शिरेल याचा नेम नसायचा. आंघोळ करून बाहेर यावं तर समोर कोणीतरी लायसन्सची चौकशी करत उभं. आता हे दार माझं आहे. चावी अडीअडचणीला. एरवी बेल वाजवायची आणि मी उघडेपर्यंत बाहेर थांबायचं. कळलं?"

"मीसुद्धा?"

"तूसुद्धा."

तिनं डोळे पुसले, माझ्याकडे एकदा पाहिलं, दुसरा बूट पायात घातला, चावी पर्समध्ये टाकली आणि एक शब्द न बोलता बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. खटकन आवाज झाला. मी रिकाम्या घरात एकटीच उभी. मला वाटलं, रागावली. गेली. मी तिची पावलं ऐकायचा प्रयत्न करत होते, पण जिन्यात काहीच वाजेना.

तेवढ्यात बेल वाजली. मी पदर सारखा केला आणि दार उघडायला गेले.